चला, बाई आल्या

मंगळवार, रात्री

गुडघा ठीक आहे. हे आधी लिहून टाकते, कारण रविवारपासून फोनवर प्रत्येकाने तेवढंच विचारलंय आणि मीही प्रत्येकाला तेवढंच सांगितलंय. डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलंय, ते जाईल, नवं येईल. मोजे धुतले तरी कुसळं काही निघत नाहीत, एकेक चिमटीत धरून ओढावं लागतं. पण हे लिहायला वही काढली नव्हती.

वही काढली ती मन्याच्या एका वाक्यासाठी. "चला, बाई आल्या."

वाईट काय आहे त्यात? काहीच नाही. तीन दिवस मी स्वतःला हेच सांगतेय.

त्रिपुरीची रात्र होती, कात्रजहून डोंगरांवरून सिंहगडापर्यंत चालायचं होतं. कात्रजच्या जुन्या बोगद्यापाशी वाघजाईला नमस्कार करून वर निघालो तेव्हा चांदणं इतकं होतं की टॉर्च लावायची लाज वाटावी. उजव्या हाताला अख्खं पुणं उजळलेलं, डावीकडे खेड शिवापूरचा हायवे, ट्रकांमागे ट्रक. आणि समोर सिंहगडावरच्या टॉवरचा लाल दिवा. त्या दिव्याइतकी खोटारडी वस्तू पुणे जिल्ह्यात दुसरी नसेल. एक डोंगर उतरावा, दुसरा चढावा, मान वर करून बघावं, तर हा आपला होता तिथेच. मधे डोंगर नक्की किती, यावर नंदू आणि चित्राचा दर वेळी वाद होतो. मी मोजायचं कधीच सोडून दिलंय.

मी मागे पडते ती उतारावर. चढाला मला कुणी बोट दाखवू शकत नाही, पर्वतीच्या १०३ पायऱ्या रोज सकाळी वर-खाली करून चढ पायांत मुरलाय. पण त्या वाटेवरचा उतार म्हणजे नुसता घसारा. वर वाळलेलं गवत, खाली सुटा मुरूम, पाय टेकला की मुरूम आधी निघतो आणि पाय त्याच्या मागोमाग. चढताना छाती बोलते, उतरताना मांड्या. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी अंगाचा भारही पेलत असतो, म्हणून दुसऱ्या दिवशी जिना उतरताना जीव जातो, चढताना नाही. हे मला मन्याने समजावून सांगितलं. मला. त्याला सातवीत तरफेचे प्रकार कुणी शिकवले होते?

तर उतार संपला की खिंडीत सगळे माझ्यासाठी थांबायचे. असं आमचं ठरलेलंच आहे, कुणालाही मागे सोडायचं नाही. मी वरून बघतेय, खाली पाच दिवे गोल करून बसलेत. कुणीतरी काहीतरी बोलतंय, चित्राचं ते खळखळून हसणं वरपर्यंत ऐकू येतंय. मी आपली आडवी पावलं टाकत, काठी रोवत येतेय. शेवटचे वीसेक फूट राहिले की मन्याचा आवाज, "चला, बाई आल्या." लगेच सॅकच्या चेन ओढल्याचे आवाज. पाचही दिवे उठून उभे. मी पोचते तोवर पहिले दोन पुढच्या चढाला लागलेले असतात.

प्रत्येक खिंडीत हेच.

म्हणजे हिशेब असा की ते दहा मिनिटं बसले आणि मी शून्य. मग पुढच्या उतारावर मी आणखी मागे, मग ते पंधरा मिनिटं बसणार, मी पुन्हा शून्य. ज्याला विश्रांतीची गरज नाही त्याला ती भरपूर मिळते. मुकुंदरावांनी एकदा विचारलं, "बाई, पाणी आहे ना?" मी म्हटलं, आहे. नव्हतं. पण पाणी मागितलं की सॅक उतरवा, बाटली काढा, सगळे पुन्हा थांबणार, तेही माझ्यामुळेच.

आणि शैलासुद्धा उठली. हे मला जास्त लागलं की काय, कोण जाणे. बाकीचे तरुण आहेत, मुकुंदराव तरुण नसले तरी त्यांना तसं वाटतं. पण शैला? तिने तरी म्हणावं, अगं बस जरा, टेक. ती उठली, मागचं गवत झटकलं आणि चालायला लागली.

आणि ते हसणं. मी पोचायच्या आत दर वेळी संपलेलं असायचं. कशावर हसत होते ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असंही नाही.

गडावर पोचल्यावर सगळे खूश. पिठलं-भाकरी, भजी, मडक्यातलं दही. मीही खाल्लं. फोटोत मी हसतेय.

आज दिवसभर मनात एकच, की मी त्यांच्या गळ्यातलं लोढणं झालेय. डिसेंबरची पन्नास किलोमीटरची चाल मी कशाला डोक्यात घेतली? कुणी सांगितलं होतं? ह्यांच्या टॉर्चचा उजेडही हल्ली पिवळा पडलाय, नवी घ्या म्हणतात सगळे. हे असते तर… जाऊ दे.

मुकुंदरावांना अशा वेळी ज्ञान द्यायची भारी हौस. मला बरं वाटावं म्हणून काल फोनवर हाँगकाँगची गोष्ट सांगितली. तिथे १९८१ मध्ये गुरखा सैनिकांनी सरावासाठी सुरू केलेली चाल पुढे सगळ्यांसाठी खुली झाली. चौघांचा संघ, १०० किलोमीटर, ४८ तास, आणि चौघांनी बरोबर निघून बरोबरच पोचायचं. "म्हणजे बघा, वेग महत्त्वाचा नाही, सोबत महत्त्वाची." ठीक आहे. मला त्या प्रत्येक संघातल्या चौथ्याला भेटायचंय. तो पोचला की बाकीचे तिघे काय करायचे, एवढंच विचारायचंय.

मग नायमेखेनचं निघालं. नेदरलँड्समधलं ते शहर, १९०९ मध्ये सुरू झालेली आणि आता तिथे होणारी चार दिवसांची चाल, रोज ठरलेलं अंतर. तिथे म्हणे वयाप्रमाणे अंतर नेमून दिलेलं असतं, कुणाला पन्नास, कुणाला चाळीस, आणि साठी उलटली की तीस. "किती समंजस पद्धत आहे!" म्हणाले. स्वतः मुकुंदराव त्या हिशेबाने तीसमध्ये बसतात, हे काही ते बोलले नाहीत. आणि मला कुणी तीस नेमून दिले असते तर मी भांडून पन्नास मागितले असते हे मला माहीत आहे. म्हणजे दोन्हीकडून माझंच अडतंय. कमी द्या म्हटलं तर अपमान, सारखंच द्या म्हटलं तर मी मागे.

पालखीत असं वाटलं नव्हतं. जूनमध्ये वहिनींबरोबर भवानी पेठेतून सासवडपर्यंत गेले, तो टप्पा तीस किलोमीटरच्या वरचा. हडपसर सोडलं तेव्हाच पायाला फोड आला होता. दिवे घाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात, त्या बघायला म्हणून मी कठड्याशी थांबले, खाली मस्तानी तलावाकडे बघत बसले, आणि आमची दिंडी केव्हा पुढे गेली कळलंही नाही. मग दुसरी दिंडी आली, तिच्यात शिरले. ती पुढे गेली, तिसरी आली. तिथे कुणी माझ्यासाठी थांबलं नाही आणि मी मागेही पडले नाही, कारण मागे पडायला मागे जागाच नव्हती, नजर जाईल तिथवर माणसंच माणसं. वहिनी सासवडला भेटल्या, त्याही माझ्यानंतर अर्ध्या तासाने. सहा जणांत मात्र कुणीतरी सहावा असणारच. हे गणित चौथीतल्या पोरालाही येईल.

पण सहावी मीच का, याला गणितात उत्तर नाही.

झोपते आता.


रविवार, दुपारी

मधल्या दिवसांत लिहिलं नाही. गुरुवारी संध्याकाळी शैलाबरोबर वेताळ टेकडीवर गेले. हलकं चालायचं होतं, लांब चालीनंतरच्या आठवड्यात पाय नुसते मोकळे करायचे असतात. खाणीच्या जरा पुढे शैलाच्या बुटाचा तळवा सुटला. अर्धा सुटला, अर्धा चिकटलेला, पाऊल टाकलं की फटक-फटक वाजायचा. मी म्हटलं, बांधते का काहीतरी, तर म्हणाली तू हो पुढे, मी येते हळूहळू. मी पुढे होऊन वेताळबाबाच्या देवळाशी कट्ट्यावर बसले. अंधार पडत आला होता, मोर ओरडत होते, शैला दिसेना. फोन लागेना. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. शेवटी तो फटक-फटक आवाज आला आणि झाडांमधून ती दिसली.

आणि मी उठून उभी राहिले. मागची माती झटकली.

शैला म्हणाली, "अगं बस की, मी काय पाहुणी आहे?"

मला उठायचं नव्हतं. निघायची घाईही नव्हती, घरी कोण वाट बघणार आहे? ती दिसली, मला हुश्श वाटलं आणि पाय आपोआप सरळ झाले, एवढंच. मी परत बसले खरी, पण माझं मलाच हसू आलं. तिला कारण सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही, ती बुटाला शिव्या घालण्यात गुंतली होती.

आता त्या रात्री खिंडीत पाचही जणांना माझ्यासाठी हुश्श वाटलं असेल असं मानण्याइतकी मी भोळी नाही. मन्याला थंडी वाजत होती, तो स्वेटर आणत नाही. नंदूला सूर्योदय गाठून फोटो काढायचे होते. शैलाचं माहीत नाही. शैलाला वाटलं असेलही.

परतताना जिना उतरता उतरता (मांड्या अजून बोलतातच) डोक्यात आलं की "बाई आल्या" म्हटल्यावर सगळ्यांनी खडबडून उठणं हे मी काही पहिल्यांदा बघत नव्हते. उभी हयात त्यात गेली. व्हरांड्यात माझी चप्पल वाजली की दारातला टेहळ्या ओरडायचा, "बाई आल्या, बाई आल्या!" आत जे काही हसणं-खिदळणं चाललेलं असेल ते जागच्या जागी बंद आणि सगळा वर्ग उभा. टेहळ्या बहुतेक वेळा मन्याच असायचा. तेव्हा मला कधी खुपलं नाही. काय चाललं होतं, कशाला हसत होता, हेही मी फार विचारत बसायचे नाही. मला वाटायचं, वा, शिस्त आहे.

फरक एकच होता. तिथे मी खुर्चीवर बसायचे आणि मग त्यांना बसायला सांगायचे.

आज सकाळी खडकवासल्यापर्यंत आणि परत, सगळा डांबरी रस्ता. डांबरावर मी तशी फार मागे पडत नाही, पण विठ्ठलवाडीनंतर पोरांनी जो वेग धरला तो धरलाच. धायरी फाट्याला त्यांचे शर्ट दिसत होते, पुढे तेही दिसेनात. नांदेड फाट्याजवळच्या टपरीपाशी पाचही जण बाकड्यांवर. मी रस्ता ओलांडला.

"चला, बाई आल्या," मन्या. चेन ओढल्या गेल्या, सगळे उभे.

मी म्हटलं, "बसा."

ठरवून वगैरे नाही. घशातून तोच जुना आवाज निघाला, निवृत्तीनंतर कुठे गेला असं वाटत होतं तो. आणि पाचही जण बसले. मन्या तर हात मांडीवर ठेवून. मुकुंदरावही बसले, जे आयुष्यात कधी माझ्या वर्गात नव्हते आणि माझ्याहून चार वर्षांनी मोठे आहेत. टपरीवाला बघतच राहिला.

मग मी बाकड्याच्या टोकाला टेकले, चहा सांगितला, बूट काढले. मोजा नीट केला, बोटांच्या मधे व्हॅसलीन लावलं, शेंगदाण्याची वडी काढून सावकाश खाल्ली. कुणी काही बोलेना. शेवटी चित्राला हसू फुटलं आणि मग सगळेच सुटले. मन्या म्हणाला, "बाई, आम्हाला वाटायचं तुम्हाला थांबायला आवडत नाही. तुम्ही कधी बसतच नाही ना." मी म्हटलं, तुम्ही बसू देता कुठे! तो म्हणाला, "आम्ही उठतो कारण तुम्ही थांबत नाही." यावर काय बोलणार. खरं-खोटं देव जाणे. चहाचे पैसे त्याला द्यायला लावले.

एक मात्र झालं. दहा मिनिटं बसून उठले तर गुडघे असे आखडले की किरकटवाडी फाट्यापर्यंत मी लाकडी बाहुलीसारखी चालले. तेव्हा बसण्याचंही फार कौतुक नको.

आता डिसेंबरचा हिशेब नव्याने मांडलाय. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने १८९२ मध्ये एक नियम घालून दिला, तो गिर्यारोहक अजून वापरतात. सपाटीला साधारण ताशी पाच किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जास्त. पन्नास किलोमीटरला दहा तास झाले, चढ एकूण सहाशेच्या आसपास, म्हणजे अकरा. पण हा नियम धडधाकट माणसासाठी आहे, त्यात उताराचा विचार नाही, आणि थांबण्याचा तर मुळीच नाही. माझ्या पायांनी किलोमीटरला चौदा मिनिटं. पन्नास गुणिले चौदा, सातशे मिनिटं, अकरा तास चाळीस. चढाचा एक तास धरून बारा चाळीस. मुदत चौदा तासांची. उरतात ऐंशी मिनिटं.

सात थांबे, प्रत्येकी दहा मिनिटं, मी पोचल्यापासून मोजायची. हे मन्याला लिहून पाठवलंय, त्याचं उत्तर आलं, "हो बाई." नंदूने त्याखाली हसऱ्या तोंडांची रांग लावलीय.

वर राहिलेली दहा मिनिटं शैलाच्या बुटांसाठी. नवे घ्यायचे तर उद्याच घे म्हणून तिला बजावलंय, दोन-तीन आठवडे पायात वागवल्याशिवाय त्यांचा भरवसा नाही. तिला मात्र लक्ष्मी रोडवरचा कुणी मोची जुनेच नीट चिकटवून देणार आहे म्हणे.