तुम्ही विचारलंत म्हणून: केडगावसारखं संजीवन आता का येत नाही?

संजीवन म्हणजे मंडळीच्या, चर्चमधल्या लोकांच्या, विझत आलेल्या श्रद्धेला पुन्हा जाग येणं. त्यासाठीच्या संजीवन सभांचे मंडप उतरले की हा प्रश्न मला हमखास येतो. मी चर्चमध्ये पेटी वाजवते, कैक वर्षं शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांचा बायबलचा वर्ग, घेतली, म्हणून लोकांना वाटतं हिला ठाऊक असेल. "बाई, 1905 साली केडगावला झालं तसं आपल्या मंडळीत का होत नाही? प्रार्थना तर आपणही करतो." मागे एका तरुण मुलीने हेच विचारलं तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. चर्चच्या पायऱ्यांवर उभ्या उभ्या मला धड उत्तर देता आलं नाही. ते आज लिहिते.

केडगाव म्हणजे दौंडजवळचं, नगरचं नव्हे. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती सदन, निराधार बायकामुलींचा आसरा. 1896-97च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. पुढे 1900च्या दुष्काळात गुजरातेतूनही आणल्या. उपासमारीने हाडं वर आलेल्या, घरच्यांनी टाकलेल्या, पुन्हा कुणाच्या हाती पडल्या असत्या तर कुठे पोचल्या असत्या हे सांगायला नको. 1905च्या जानेवारीत सत्तरएक जणी रोज संजीवनासाठी प्रार्थनेला बसू लागल्या, संख्या वाढत शेकड्यांत गेली. जूनअखेरीस एका संध्याकाळी रमाबाई बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायावर नेहमीच्या शांतपणे बोलत होत्या. आणि मुली एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. रडत, आपापली पापं बोलून दाखवत. रमाबाईंना बोलणं थांबवावं लागलं.

आपल्या साक्षींत, म्हणजे विश्वासाचा अनुभव सांगताना, ही गोष्ट इथून सुरू होते आणि इथेच संपते. मला तिचा मागचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये, वाँटेजला झाला. पुढे कित्येक वर्षांनी त्यांनी आपल्या साक्षीत लिहून ठेवलं की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता. कोण म्हणतंय हे? जिला कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हटलं, जिने विधवांसाठी शारदा सदन काढलं, जिच्याकडे देशोदेशीचे लोक बघत होते, ती बाई. केडगावच्या मुली रडल्या त्याच्या आधी त्यांची आई आपलं रितेपण कबूल करून बसली होती. आणि मुली रडून झाल्यावर? शेत होतं, विहिरी होत्या, छापखान्यात मुलीच खिळे जुळवत होत्या, आंधळ्या मुली बोटांनी वाचायला शिकत होत्या. रमाबाई तर हिब्रू-ग्रीक शिकून, साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल उतरवत शेवटपर्यंत, 1922 पर्यंत, बसल्या.

मला वाटतं ते एवढंच आहे, आणि मी ते मनापासून म्हणते: संजीवनाचं दार कबुलीचं आहे, आणि आपण आपल्या मंडळ्यांत कबुलीला जागाच ठेवलेली नाही.

हे मी स्वतः पाहिलं. आमच्याकडे हंगामाच्या उपासनेला लोक धान्य, भोपळे, कोंबड्या आणतात, उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. एका उपवास-प्रार्थनेच्या संध्याकाळी मंडळीचा कारभार पाहणारे एक जुने वडीलधारे काका उठले. सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेलं पाकीट काढलं आणि म्हणाले, "बावीस वर्षांपूर्वी लिलावाचे तीनशे चाळीस रुपये मी वहीत चढवले नाहीत. घरात आजारपण होतं, पण ते कारण नाही. मी घेतले." पाकीट धरलेला हात हलत होता. वर पंखा फिरत होता, बाकी चिडीचूप. कुणी "आमेन" म्हटलं नाही, कुणी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला नाही. आणि पाळकांनी, आमच्या धर्मगुरूंनी, गीताचा नंबर सांगितला. मी सूर धरला. आम्ही चार कडवी म्हटली, त्या चार कडव्यांच्या खाली तो माणूस पाकिटासकट बसून गेला. पुढच्या रविवारी बाहेर चर्चा होती ती त्यांना कमिटीवरून काढायचं का, एवढीच. तो सूर मी धरला होता, हे मला आजही टोचतं.

आपण प्रार्थनेत नेहमी म्हणतो की प्रभू, तुझे लोक दीन होऊन तुझ्याकडे वळतील तेव्हा देश बरा कर. मग वळायचं कुठून? चर्चच्या जमिनींचे दावे वर्षानुवर्षं कोर्टात आहेत. वादीही आपलाच, प्रतिवादीही आपलाच, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघेही प्रभुभोजनाला. सोयरीक जमवताना "मूळचे कुठले?" असं हळूच विचारलं जातं, आणि त्या प्रश्नाचा अर्थ गाव नसतो हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं. हे झाकून आपण समाजाला काय सांगणार? समाजातही तेच दुखणं आहे. कचेरीत, पुढाऱ्यांत, घरातल्या थोरल्यांत "माझं चुकलं" हे दोन शब्द कुणाच्या तोंडून निघत नाहीत. बायबलमधल्या जक्कय नावाच्या लुबाडणाऱ्या जकातदाराच्या घरी प्रभू येशू गेला तेव्हा जक्कयाने गाणं म्हटलं नाही, हिशेब काढला: अर्धी मालमत्ता गरिबांना, लुबाडलेल्यांना चौपट परत. त्या दिवशी यरीहोतल्या किती घरांत पैसे परत पोचले असतील! संजीवन भिंतीबाहेर जातं ते असं.

कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनाही चर्च आणि समाज यांच्यातली ही भिंत खुपत होती. 1917 साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघांनाही जागा होती. दोनच वर्षांत ते गेले. आपण त्यांची भजनं ठेवली, दरबार ठेवला नाही.

पाकीट घेऊन उठलेल्या त्या काकांच्या घरी मी नंतर गेले, माफी मागितली. ते म्हणाले, "बाई, मला वाटलं देवाने ऐकलं, मंडळीने नाही."

गेल्या उपवासकाळात, ईस्टरआधीच्या दिवसांत, पुन्हा अशीच संध्याकाळ आली. एक बाई उठली आणि म्हणाली, सासूबाईंच्या दागिन्यांवरून मी जावेवर खोटा आळ घेतला, सात वर्षं झाली. जाऊबाई दोन बाकं पुढे बसल्या होत्या. पाळकांनी सवयीने नंबर सांगितला. मी भात्यावरचा हात काढून मांडीवर ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तेही गप्प राहिले. जाऊबाई उठून बाहेर गेल्या. आम्ही तसेच बसलो, पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग त्या परत आल्या आणि तिच्याच बाकावर बसल्या, मध्ये एका माणसाची जागा सोडून.