सप्तशृंगी गड सायकलवर: बीबी बदलली, आवाज तसाच

जे महत्त्वाचं आहे ते आधीच सांगतो, कारण काल १३५ किलोमीटर झालेत आणि आज जिना उतरतानाही मांड्या बोलतायत. कार्बनची सायकल घेऊन वणीच्या गडावर जाणार असाल तर आदल्या रात्री सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची दांडी, बाहेर काढून बघा. त्याला ग्रीस लागलेलं दिसलं तर पूर्ण पुसा आणि कार्बन पेस्ट लावून परत बसवा. एवढं केलंत तरी माझे ४,२०० रुपये आणि डावा गुडघा काहीतरी कामी आला असं मी समजेन.

झालं असं की दिवाळीपासून सायकलीतून टक्क टक्क आवाज यायला लागला होता. सायकल सेकंड हँड, कार्बन फ्रेम, रिम ब्रेकवाली (ब्रेक चाकाच्या कडेवरच, म्हणजे रिमवर घासतो ती), तीन वर्षं माझ्याकडे आहे आणि त्याआधी ज्याच्याकडे होती त्यानेही नीट ठेवलेली. आवाज पेडल मारतानाच यायचा म्हणून दुकानात नेली. तिथला मुलगा दोन मिनिटं क्रँक (पेडलचा दांडा) हलवून म्हणाला, "सर, बॉटम ब्रॅकेट गेलीये, प्रेसफिट आहे ना, या सायकलींचा कॉमन प्रॉब्लेम आहे." आता प्रेसफिट बीबी, म्हणजे क्रँक ज्यावर फिरतो ती फ्रेममध्ये नुसती दाबून बसवलेली बॉटम ब्रॅकेट, आवाज करते हे खरंच आहे, सगळीकडे हेच ऐकलेलं असतं, त्यामुळे मला शंका यायचं काही कारणच नव्हतं. बीबीचे २,६००, मजुरी ९००, फुल सर्व्हिसचे ७००. जुनी बीबी मागितली तर म्हणाला टाकून दिली. तिथेच माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती.

दुकानातून आणल्यावर आठवडाभर सायकल एकदम गप्प. सोमेश्वर, गंगापूर धरण असं दोन-तीनदा फिरून आलो, काही नाही. मी खूश. मावसभाऊ कधीचा गडावर जाऊ म्हणत होता, म्हटलं आता जाऊया.

पहाटे ५ ला निघालो. जानेवारीतली नाशिकची थंडी, पूर्ण बोटांचे ग्लोव्हज लागतातच, आणि म्हसरूळच्या पुढे अंधार असतो म्हणून पुढचा लाईट चांगला हवा. दिंडोरीपर्यंत मस्त गेलं, त्याबद्दल अजून काही सांगण्यासारखं नाही.

खरी कटकट लखमापूर फाट्याच्या पुढे. मी गेलो तेव्हा तिथे अंदाजे पाच किलोमीटर रस्ता उकरून ठेवला होता. एका बाजूला नुसती सुटी खडी, दुसऱ्या बाजूला जुन्या डांबराचे कडे, आणि त्यातूनच द्राक्षांचे क्रेट भरलेले ट्रॅक्टर आणि पिकअप येतायत जातायत. ज्याने मला "रस्ता लोण्यासारखा आहे रे" असं सांगितलं तो गाडीने गेला होता. गाडीवाल्याला सायकलच्या रस्त्याबद्दल कधीही विचारू नका, त्याला खडी जाणवतच नाही. माझ्या टायरमध्ये, २५ एमएम रुंदीचे टायर, ९५ पीएसआय हवा, म्हणजे दगडासारखे टणक. पहिल्या किलोमीटरलाच ८० वर आणायला हवी होती, मी आणली तीन किलोमीटर हाडं खिळखिळी झाल्यावर. फ्रेममध्ये २८ चा टायर बसत असेल तर २८ च लावा, या रस्त्यावर २५ चा काहीही फायदा नाही.

त्या पट्ट्यात एका कड्यावरून मागचं चाक धाडकन आदळलं. रिम बघितली, स्पोक बघितले, सगळं ठीक. पुढे वणी यायच्या आधी डावा गुडघा समोरून दुखायला लागला, मला वाटलं थंडीने. मागून मावसभाऊ म्हणाला, "अरे तुझी सीट खाली गेलीय का? गुडघे बाहेर पडतायत तुझे." थांबून बघतो तर सीटपोस्टवर उंचीच्या खुणेला लावलेली काळी टेप फ्रेमच्या तोंडाशी चुरगळून बसलेली. चांगली दोन सेंटिमीटर खाली गेली होती. सगळ्यांना सांगतो, ही टेपची खूण लावाच. दहा रुपयांची इलेक्ट्रिकची टेप असते, ती नसती तर मी तसाच गडापर्यंत गेलो असतो आणि आज गुडघ्यावर बर्फ घेऊन बसलो असतो.

सीट वर घेतली, मल्टीटूलने बोल्ट आवळला. इथे फार भीती वाटते. लोखंडी सायकल असती तर जोर लावून आवळून टाकली असती, कार्बनमध्ये तसं करता येत नाही. पोस्ट आवळणाऱ्या क्लॅम्पवर सहसा ५ एनएम (न्यूटन-मीटर, किती जोराने आवळायचं त्याचं माप) लिहिलेलं असतं आणि त्याच्या वर गेलात तर पोस्ट नाहीतर फ्रेमचं तोंड, दोन्हींपैकी काहीतरी चिरतं, आणि ती चीर आतल्या बाजूने असेल तर दिसतही नाही. हाताला ५ एनएम कळत नाही. ज्यांना कळतं असं ते म्हणतात त्यांच्याही हाताला कळत नाही. मी घाबरत घाबरत आवळला आणि निघालो. वणी ते नांदुरी मध्ये चढ आहे, तिथे पोस्ट परत सरकली आणि आवाजही परत आला. तोच, दिवाळीतला टक्क टक्क. ४,२०० रुपये भरून घालवलेला आवाज नांदुरीच्या रस्त्यावर माझ्याबरोबर चालतोय, त्या क्षणी मला इतका संताप आला की चहाही गोड लागेना.

नांदुरीपासून गडापर्यंत १० किलोमीटरचा घाट. मधे मधे चांगलाच उभा आहे, बसून जमत नाही तिथे उभं राहूनच पेडल मारावं लागतं. आणि तिथेच सगळं उलगडलं. मी उभा राहिलो की आवाज बंद. बसलो की टक्क. परत उभा राहिलो, बंद. पाच-सहा वेळा करून बघितलं, प्रत्येक वेळी तेच. बीबीचा आवाज असता तर उभं राहून जोर लावल्यावर वाढला असता, कारण तेव्हा सगळं वजन पेडलवर असतं. बसल्यावरच येतो म्हणजे तो सीट, सीटची रेल किंवा सीटपोस्ट यांचाच. ही परीक्षा करायला एक रुपया लागत नाही, आणि दुकानातल्या माणसाने सायकल चालवूनच बघितली नव्हती, स्टँडवर क्रँक हलवून निदान केलं होतं.

वळणावर कठडा बघून थांबलो, सीटपोस्ट बाहेर काढली. काळं कुळकुळीत ग्रीस, त्यात लखमापूरची सगळी धूळ. फुल सर्व्हिसमध्ये त्याने पोस्टला ग्रीस चोपडलं होतं. म्हणजे बघा, आठवडाभर आवाज गेला तो नव्या बीबीमुळे नाही, ग्रीसमुळे गेला, आणि त्याच ग्रीसमुळे पोस्ट सरकायला लागली, मग ग्रीस पिळून निघून धूळ आत गेली तसा आवाज परत. मूळ रोग तसाच, वर नवीन रोग.

मावसभावाकडे सॅनिटायझरची बाटली होती. रुमालावर ओतून पोस्ट घासून पुसली, फ्रेमच्या नळीत बोट जाईल तिथपर्यंत रुमाल फिरवला, दोन मिनिटं वाळू दिलं, मग परत बसवली. वरपर्यंत जेमतेम दोन-तीन मिलिमीटर सरकली असेल. अडचणीत हा उपाय लक्षात ठेवा, सॅनिटायझर किंवा स्पिरिट चालतं. पण हा घरी पोचण्यापुरता. खरा उपाय कार्बन पेस्ट. तिच्यात बारीक कण असतात, ते दोन पृष्ठभागांमध्ये पकड धरतात, त्यामुळे कमी टॉर्कमध्येही, म्हणजे कमी जोराने आवळूनही, पोस्ट घट्ट राहते. अॅल्युमिनियमच्या पोस्टला अॅल्युमिनियमच्या किंवा लोखंडी फ्रेममध्ये ग्रीस लावतात ते बरोबरच आहे, नाहीतर ती अडकून बसते. कार्बनला पेस्ट. बऱ्याच ठिकाणी हात जुन्या सवयीने ग्रीसच्या डब्यात जातो. २०१५ ला डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या आपल्या नाशिकच्या भावांनी अमेरिकेतली रॅम (रेस अक्रॉस अमेरिका, देश आरपार सायकल शर्यत) पूर्ण केली, त्यानंतर इथे एका पिढीने रोड बाईक घेतल्या, सायकली लाखांच्या आल्या, पण ५ एनएमची टॉर्क की (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळायची किल्ली) अजून प्रत्येक दुकानात आलेली नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

गडावर पोचलो तेव्हा साडेदहा. गावातल्या पहिल्या पेढ्याच्या दुकानासमोर सायकल टेकवली आणि खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं. दर्शनाचं थोडक्यात, क्लीटचे (पेडलला अडकणारे) बूट खाली ठेवून पायऱ्या चढा किंवा सरळ ट्रॉलीने जा, पाय उतारासाठी राखून ठेवा. एकाने सायकलीपाशी थांबा, माकडं हँडलबारच्या बॅगेत हात घालतात.

आता उतार. याबद्दल माझं मत पक्कं झालंय: रिम ब्रेकची कार्बन व्हील्स घेऊन गडावरून उतरू नका. डिस्क ब्रेक असेल तर खुशाल जा, नाहीतर अॅलॉय (अॅल्युमिनियमची) व्हील्स लावून जा. ज्याने मला ही ५० एमएम उंच रिमची कार्बन व्हील्स विकली तो म्हणाला होता घाटात काही होत नाही. होतं. माझं वजन ७८ किलो, वळणावळणाचा रस्ता, समोरून एसटी आणि जीपा, त्यामुळे ब्रेक सोडायची सोयच नाही. दोन किलोमीटरवर थांबून रिमजवळ हात नेला तर चटका बसेल इतकी गरम. अॅलॉय उष्णता पटकन बाहेर टाकतं, कार्बन टाकत नाही, ती तिथेच साठते. मर्यादेबाहेर गेली की कार्बन धरून ठेवणारं रेझिन मऊ पडतं, टायर पकडणारी कड फुगते आणि ट्यूब फुटते, तीही नेमकी वळणावर. लॅटेक्सची ट्यूब तर आणखी लवकर जाते. ब्रेक पॅड मात्र माझे कार्बन रिमसाठीचेच होते, ते स्वतः घेऊन लावले होते. अॅलॉय रिमसाठीचे पॅड कार्बन रिमवर असतील तर घाटाच्या वाटेलाही जाऊ नका.

तरीही तीच व्हील्स घेऊन वर पोचला असाल तर ब्रेक धरून ठेवू नका. वळणाआधी जोरात दाबा, वेग तोडा, पूर्ण सोडा, पुढचा-मागचा आलटून पालटून. आणि थांबा. मी चार वेळा थांबलो, दहा किलोमीटर उतरायला पाऊण तास लागला, आणि त्यातला एकही मिनिट वाया गेला असं मला वाटत नाही.

परतताना त्या खडीतून जायची ताकद नव्हती म्हणून वणीहून पिंपळगाव बसवंतला निघालो आणि हायवेच्या बाजूने नाशिक. पंधराएक किलोमीटर जास्त पडतात, ट्रकचा वारा खायला लागतो, पण दातांचा खुळखुळा होत नाही. मी पुन्हा तसाच येईन.

आज सकाळी काम केलं. पोस्ट, फ्रेमची नळी, क्लॅम्प सगळं धुऊन वाळवलं, पेस्ट लावली, टॉर्क कीने ५ वर आणलं. कॉलनीत अर्धा तास बसून जोर लावून चालवली, एक टक्क नाही. की आणि पेस्ट मिळून मला १,९०० पडले, म्हणजे बीबीच्या त्या ४,२०० च्या बिलाच्या निम्म्याहून कमी. दुकानात जाऊन सांगितलं तर उत्तर आलं, "सर, दोन्ही प्रॉब्लेम असतील." पैसे गेले ते गेले. इथून पुढे मी काम समोर उभं राहून करून घेणार आणि जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे देणार नाही. जुनी बीबी हातात आली की बेअरिंग बोटाने फिरवून बघायचं, खरखरतंय की सरळ फिरतंय ते लगेच कळतं.

सीटपोस्ट दोन-तीन महिन्यांनी आणि पावसात भिजल्यावर दर वेळी काढून पुसायची, घामाचं पाणी आत उतरतं. काढलीच आहे तर क्लॅम्पखालचा भाग नखाने चाचपडून बघा, आणि आदळआपट झाली असेल तर एक रुपयाच्या नाण्याने फ्रेमवर हलकं टकटक करत जा, चांगल्या कार्बनचा आवाज टणक येतो, आतून सुटलेला असेल तिथे बद्द येतो. जाडी बदलते तिथेही आवाज बदलतो, म्हणून डाव्या बाजूची उजव्या बाजूशी तुलना करून ठरवा. सेकंड हँड घेणाऱ्यांनी तर हे पैसे देण्याआधीच करायचं, पोस्ट बाहेर काढू न देणाऱ्याकडून सायकल घ्यायची नाही.

अजून दोन गोष्टी. रस्त्याच्या कडेला सराटे आणि बाभळीचे काटे आहेत, दोन ट्यूब न्या आणि डीप, म्हणजे माझ्यासारखी उंच रिम असेल तर ८० एमएमच्या व्हॉल्व्हच्याच न्या, वणीत त्या मिळतील या भरवशावर राहू नका. आणि नवरात्रात किंवा चैत्रातल्या यात्रेत जाऊ नका, तेव्हा नांदुरीच्या वर खासगी गाड्या बंद असतात, एसटीच चालते आणि पायी जाणाऱ्यांनी घाट भरलेला असतो.

फेब्रुवारीत अॅलॉय व्हील्स आणि २८ चे टायर लावून परत जाणार आहे. त्याआधी कोणी गेलं तर लखमापूरच्या पुढचा पट्टा डांबरी झाला का एवढं कळवा.