मायच्या कवितेत कालचा दिवस नाही

मायवर लिहिताना मी भूतकाळ वापरत नाही. कधीचेच गेलेले तिचे बाबा तिच्या लेखी आज सकाळी बाजाराला गेलेले असतात. आणि आत्ता खाल्लेली भाकर तिनं खाल्लेलीच नसते.

अल्झायमरचं निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी समजावलं होतं. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाला आधी इजा होते, म्हणून नवी आठवण रुजत नाही. जुनी बराच काळ टिकते आणि हातांची सवय बहुधा त्याहूनही उशिरा जाते. माझं नाव तिला सापडत नाही, पण समोर कापूस ठेवला की ती सरकी काढते, बोटांना चिमूटभर राख लावते आणि वात वळायला घेते. टोक चिमटीत धरून डोळ्यांजवळ नेते. सैल वाटली तर उलगडते, परत वळते. तेवढा वेळ तिला कोणी काही विचारू नये असं मला वाटतं.

गावात म्हणतात, म्हातारीले चळ लागला. मला फार लागतं ते. हा आजार आहे. भारतात साठी ओलांडलेल्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. शिवाय विसरण्यामागे कधी बी-१२ची कमतरता किंवा थायरॉइडही असतो आणि तो त्रास उपचारानं सुधारू शकतो. वय झालं म्हणून सोडून देऊ नका, आधी रक्त तपासा.

दिवस कलला की मायचा जीव घाबरा होतो, घरी जायचं म्हणते. आमचं गाव दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं, जिथं विहिरीचं पाणी खारं. तिचं माहेर अचलपूरकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी. ‘घरीच तर आहेस’ म्हटलं की ती रडते. म्हणून मी विचारतो, कशानं जातं माय? मग ती बोलते आणि मी वहीत उतरवतो :

गाडी जुपली काय रे बापू?
दिवस बुडाला,
बाबा वाट पाहून राह्यले.
इथचं पानी खारं,
आमच्या इहिरीचं गोड.
मले घरी नेऊन दे.

यातला एकही शब्द माझा नाही, ओळी फक्त मी तोडल्या. स्मृतिभ्रंशावरच्या कवितेत धुकं आणि विझता दिवा हमखास येतात. मायच्या बोलण्यात धुकं नाहीच. तिथं पाणी आहे, गाडी आहे, बैलांचे स्वभाव आहेत.

परवा एक कविता तिला वाचून दाखवली. त्यात ढवळा डाव्या अंगाला जुपला होता, ते मी मनानंच घातलं होतं. तिनं हात वर करून थांबवलं. “थो मारका हाय. त्याले उजव्या अंगाले जुपते.”

मी ओळ तिथंच बदलली आणि विचारलं, मग डाव्या अंगाला कोण?

“लाखा.”

लाखाबद्दल अजून काहीच लिहिलेलं नाही. आज संध्याकाळी विचारतो.