न लावलेला वेल

होळी झाली की पावट्याचा वेल काढायचा, हे आमच्याकडे ठरलेलं. तोवर त्याच्यात काही उरलेलं नसतं. शेंड्यांवर काळा मावा, आणि माव्याच्या मागे मुंग्यांची रांग. मावा झाडाचा रस पितो, गोड चिकटा सोडतो, तो चाटायला ह्या बायका गुराख्यांसारख्या राखणीला उभ्या. आजी अशा वेळी होळीची राख फुंकायची. मी वेलच ओढून काढते.

परसबाग म्हणावं इतकी काही जागा नाही. कंपाउंडची भिंत आणि धुणं वाळत घालायच्या दोऱ्या यांच्यामधली पट्टी. पण फाल्गुनातल्या उन्हात ती खणायला घेतली की काय काय निघतं! गांडुळं निघतात, ती बघून उगाच श्रीमंत झाल्यासारखं वाटतं. हुमणीची पांढरी, लठ्ठ, वळून बसलेली अळी निघते. तिला भिंतीवर ठेवायचं, साळुंकी बघून घेते. आणि चमचे. सहांच्या सेटमधला सहावा चमचा कुठे जातो याचं उत्तर खताच्या खड्ड्यात असतं. सालींबरोबर जातो आणि काळ्याभोर खतातून जसाच्या तसा परत येतो.

यंदा त्या खड्ड्याच्या कडेला एक रोप दिसलं. दोन जाड, गुळगुळीत दळं, एकाच्या टोकाला बियांचं टरफल अजून टोपीसारखं अडकलेलं. ह्या वयात काकडी, दुधी, दोडका सगळे सारखेच दिसतात. "उपट की, तिथे गवार टोकायचीय ना?" असं घरातून आलं. गवार टोकली, पण दुसरीकडे. लावलेलं रोप मी बिनदिक्कत विरळते. न लावता उगवलेलं मला उपटवत नाही. ते कोण आहे हे कळल्याशिवाय तर मुळीच नाही.

सासूबाई म्हणाल्या दोडका. शेजारच्या काकांनी कलिंगडावर पैज लावली. भांड्याला येणाऱ्या मावशींनी तिसरं-चौथं पान आल्यावर ते चुरगाळलं, वास घेतला आणि "दुधी हाय" म्हणून आत निघून गेल्या. मीही पान चोळून पाहिलं. मऊ, लव असलेलं, आणि वास असा की एकदा कळला की विसरत नाही. दोडक्याचं पान कोनेदार आणि खरखरीत, कलिंगडाचं कातरलेलं. बघून सांगता येत होतं की! आम्ही सगळे बोलत बसलो होतो.

मग वेल दोऱ्यांवर चढला, म्हणजे दोन दोऱ्या त्याच्या झाल्या. फुलं आली, लांब दांड्यांची, सगळी नर. "नुसताच फुलतोय, धरत काही नाही," असं जाता-येता प्रत्येक जण सांगून गेला. दुधीची रीतच ती, आधी नर येतात. मादी फुलं बहुतेक आडफांद्यांवर येतात, म्हणून आजी शेंडा खुडायची. मी खुडला. पुढे एका फुलामागे अंगठ्याएवढा, केसाळ, अगदी पुरा दुधी दिसला. पांढरं फूल दिवेलागणीला उमलतं आणि सकाळी मिटून जातं. मधमाश्यांची वेळ गेलेली असते, तेव्हा भिस्त पतंगांवर. आमच्या भागात रस्त्यावरच्या दिव्यांपुढे पतंगांना दुधीचं काय अप्रूप! म्हणून संध्याकाळी मोबाईलच्या उजेडात नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि परागकण मादी फुलाला हलकेच टेकवायचे. कुकर होईपर्यंत काम उरकतं.

आता चैत्र संपत आला आणि चार दुधी लटकताहेत. पण आपोआप उगवलेल्या वेलाचा एकदम भरवसा धरू नये. आई कुठली, बाप कुठला, कोण जाणे. काकडीचं टोक कापून आपण घासत बसतो ना, फेस काढत, त्याने कडूपणा जातो की नाही यावर मी वाद घालणार नाही, घासल्याशिवाय मलाही राहवत नाही. दुधीला मात्र असले लाड नाहीत. कच्ची फोड जिभेला लावायची. कडू लागली तर थुंकायची आणि अख्खा दुधी टाकून द्यायचा. कडू दुधीच्या रसाने माणसं दगावली आहेत.

आजीच्या परसातला दुधी कधी कडू निघाल्याचं आठवत नाही. बुटका, पोटाला फुगीर, गर लोण्यासारखा. बाथरूमचं पाणी अळूतून त्याच्या आळ्यात जायचं, एवढीच त्याची बडदास्त. एक दुधी वेलावरच वाळू द्यायचा. त्याच्या बिया शेणाच्या गोळ्यात दाबून तो गोळा मागच्या भिंतीवर थापायचा. पाऊस तोंडावर आला की खरवडायचा. अकोले तालुक्यात कोंभाळण्याला राहीबाई पोपेरे यांनी अशीच गावठी वाणं गोळा केली, जपली, वाटली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आमच्याकडे ते काम आजीबरोबर थांबलं. घर पाडायचं ठरलं तेव्हा सगळे जमले होते. पाट, पितळी डबे, शिसवी कपाट यांची वाटणी झाली, तांब्याच्या घंगाळावरून दोन दिवस बोलणं बंद होतं. शेवटी ते थोरल्या काकांकडे गेलं. भिंत मजुरांनी दुसऱ्या दिवशी पाडली.