ऐक्य, साक्ष, सेवा आणि अंदाजपत्रक

आज उपासनेनंतर आमच्या मंडळीच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, समितीची येत्या वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी बैठक झाली आणि अर्पणाच्या पैशातून आधी काय करावे, या प्रश्नावर चर्चा बरीच लांबली. छपराच्या दुरुस्तीवर लगेच एकमत झाले. नवी ध्वनियंत्रणा घ्यावी, की एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या औषधपाण्यासाठी तरतूद करावी, यावर मात्र सरळ दोन तट पडले.

आमची मंडळी ज्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा भाग आहे, ती २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा वेगवेगळ्या प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या मीलनातून स्थापन झाली. ऐक्य, साक्ष आणि सेवा हे तिचे ब्रीद आहे. बालकांना बाप्तिस्मा (पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी) देणारे आणि विश्वास कबूल केल्यावरच तो देणारे, अशा दोन्ही परंपरांना तिने आपल्या घटनेत जागा ठेवली, ही मला तिची सर्वांत धाडसी गोष्ट वाटते. (मेथडिस्ट मंडळींचा एक मोठा गट ऐनवेळी बाहेर राहिला, हेही खरे.) एवढा जुना मतभेद ज्यांनी पचवला, त्यांच्या वारसांना ध्वनिक्षेपकावरून भांडताना पाहून गंमत वाटली.

माझे मत मी बैठकीत स्पष्ट मांडले. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायात न्यायाच्या दिवशी विचारणा होते ती भुकेल्यांची, आजाऱ्यांची आणि बंदिवानांची. त्यामुळे सेवेला उरलेसुरले पैसे देणारी मंडळी व्यासपीठावरून कितीही सुस्पष्ट ऐकू आली, तरी तिची साक्ष दुबळीच राहते. पाळकसाहेबांनी मतदान टाळून ध्वनियंत्रणेची खरेदी पुढे ढकलली आणि वृद्धांच्या घरांची यादी करण्याचे काम महिला संघाकडे सोपवले.