पहिली वीस मिनिटं

आज १९६९च्या शेव्हरोले कॅमॅरो गाडीचं ३५० (घनइंचांचं) इंजिन पहिल्यांदा सुरू झालं. नवा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फ्लॅट टॅपेटचा, म्हणजे रोलर नसलेल्या लिफ्टरचा असला की त्याचं आयुष्य पहिल्या वीस मिनिटांतच ठरतं, हे मनापासून सांगावंसं वाटतं.

लोबला, म्हणजे कॅमवरच्या उंचवट्याला, अगदी किंचित उतार असतो आणि त्यावर टेकणाऱ्या लिफ्टरचा तळ जरासा फुगीर, म्हणून लिफ्टर स्वतःभोवती फिरत राहतो. तो फिरायचा थांबला की लोब झिजतो आणि त्याचा चुरा तेलातून थेट बेअरिंगांत जातो. लोबला तेल मिळतं ते मुख्यतः फिरत्या क्रँकशाफ्टने उडवलेल्या शिंतोड्यांतून. म्हणून सुरुवातीला आयडलवर (मंद गतीवर) ठेवायचंच नाही! इंजिन पेटताच २००० ते २५०० आरपीएम, थोडं वर-खाली करत, २० ते ३० मिनिटं.

खरी मेहनत त्याआधीची. लोबवर आणि लिफ्टरच्या तळाला मॉलीची (मॉलिब्डेनम डायसल्फाइडची) वंगण पेस्ट, झिंक भरपूर असलेलं ब्रेक-इन ऑइल. डिस्ट्रिब्यूटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) काढून ड्रिलने ऑइल पंप फिरवायचा, सोळाही रॉकरवर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफांवर) तेल दिसेपर्यंत. कार्ब्युरेटर आधीच पेट्रोलने भरलेला, ठिणगीचं टायमिंग जुळवलेलं हवं. नुसता स्टार्टर मारत बसलं तर पेस्ट पुसली जाते. ड्रॅग रेसिंगसाठी व्हॉल्व्हला दुहेरी स्प्रिंग असतील तर आतल्या काढून ठेवा, दाब कमी होतो. रेडिएटरसमोर मोठा पंखा लावा.

मग तेल आणि फिल्टर बदलायचा, जुना फिल्टर कापून बघायचा. करडा लगदा म्हणजे पेस्टच. आज फिल्टरच्या घड्यांत तेवढाच निघाला, चुंबकाला चिकटणारा चमकता कीस नाही.