मालक, दोन लाखात उभी करतो की!

अपघातात आमची गाडी मोडली. आज अक्कलकोट रोडच्या गॅरेजात विम्यासाठी नुकसान मोजणाऱ्या सर्व्हेअरचा हिशेब कळला. आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, ३,२०,०००; दुरुस्ती २,६०,०००. खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी ‘टोटल लॉस’, म्हणजे विम्याच्या लेखी पूर्ण गेलेली. आता गाडी विमा कंपनीकडे सोडून पूर्ण पैसे घ्या, नाहीतर सॅल्व्हेजची, म्हणजे मोडक्या गाडीची, किंमत कापून उरलेले घ्या आणि सांगाडा घरी न्या.

मिस्त्री म्हणाला, “मालक, दोन लाखात उभी करतो की!” खोदून विचारलं तेव्हा कळलं, फुटलेल्या एअरबॅग त्यात नाहीतच. वाकलेली चासी ‘ओढून सरळ’ होणार म्हणे.

अण्णांचा जीव गाडीत अडकलाय. तुळजापूर, पंढरपूर सगळं तिच्यातूनच झालं. तरी सोडायचीच. फक्त आरसी, म्हणजे गाडीची नोंदणी, रद्द झाल्याचा कागद आधी हातात हवा. सोडलेल्या गाडीचा आपला नंबर लावून चोरीची गाडी फिरली तर पोलीस दार आपलंच वाजवणार!